फुकट शिक्षणाची किंमत

२०२३ च्या दिवाळीत आम्ही सौंसरला गेलो होतो. माझी बायको सावनेरची आणि तिची थोरली बहीण सौंसरला दिलेली. (गोव्याच्या माणसाचं लग्न सावनेरला कसं जमलं, तो वेगळ्या लेखाचा विषय!) पाडव्याच्या दिवशी जेवणं झाली, पानं लावली गेली आणि माझ्या साडूंनी, त्यांना मी दादा म्हणतो, एक प्लास्टिकची फाइल माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "भाऊ, तुम्ही सरकारी कामातले माणूस. कागद तुम्हाले समजते. वाचून सांगा, दोन एकर इकू का नको इकू?"

दोन एकर म्हणजे संत्र्याची बाग. इकडच्या वाचकांना कुळागरातली दोन एकर म्हटल्यावर जे वाटेल, तेच.

फाइल त्यांच्या मुलाची, माझ्या भाच्याची. तो मला मौसाजी म्हणतो. घरात मराठी आणि नात्यांची नावं अर्धी हिंदी, अशी तिथली तऱ्हा आहे. पोरगा नागपूरला मेकॅनिकल इंजिनियर झालेला. नंतर दीड वर्ष बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. आता त्याला जर्मनीत एम.एस. करायचं होतं. नागपूरच्या एका एजंटाने हिशेब करून दिला होता: युनिव्हर्सिटीचे इतके, 'ब्लॉक'चे इतके, फाइलचे इतके. बेरीज अशी की दोन एकर विकल्याशिवाय भागणार नाही.

मी कला शाखेचा पदवीधर. इंजिनियरिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण वीस वर्षं पणजीत सरकारी टेबलावर बसून दुसऱ्यांचे अर्ज तपासले आहेत. कुठल्या कागदाला किती पैसे पडतात आणि कुठला कागद नुसता भीती घालायला जोडलेला असतो, एवढं नक्की कळतं. म्हणून रात्री ती फाइल घेऊन बसलो. त्या रात्रीपासून या विषयावर माझं जे मत झालं, ते आज मांडतो.

आधी गाव समजून घ्या. सौंसर आणि पांढुर्णा हे महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले मध्य प्रदेशातले तालुके. संत्रं, कापूस आणि मराठी. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, तेव्हा हे सगळं एकाच छपराखाली होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, या दोन तालुक्यांसकट, मध्य प्रदेशातच राहिला. आमच्याकडे निदान १९६७ साली जनमत कौल झाला, माणसं रस्त्यावर उतरली, भांडली, जिंकली, हरली. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. आम्ही गेलो तेव्हा त्याला जेमतेम महिना झाला होता.

तर तिथला मुलगा घरी मराठी बोलतो, तीही वऱ्हाडी वळणाची, 'मले-तुले'ची. शाळेत हिंदी. इंजिनियरिंग इंग्रजीत. आणि आता जर्मन! एका आयुष्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत चार भाषा. आपल्या गोव्यातल्या पोरांचीही हीच गत: घरात कोंकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, शाळेत इंग्रजी. आजोबांच्या काळी वर पोर्तुगीजही होती. आपल्याला वाटतं ही कटकट आहे. माझं मत आता उलट झालं आहे. ते पुढे सांगतो.

आधी पैशांचा हिशेब, कारण दोन एकर त्यावर अडले होते.

जर्मनीतलं शिक्षण फुकट आहे असं गावोगाव बोललं जातं. ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी फी नाही. दर सेमिस्टरला काही थोडी वर्गणी भरावी लागते. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावले. म्हणजे 'फुकट' या शब्दाला शहराचं नाव विचारून घ्यावं लागतं.

मग एजंटाच्या बेरजेतले ते दहा लाख कसले? ती फी नव्हतीच. तो 'ब्लॉक्ड अकाउंट'. व्हिसा मिळण्याआधी विद्यार्थ्याने वर्षभराच्या खाण्या-राहण्याचा पैसा स्वतःच्याच नावावर एका खात्यात ठेवायचा आणि तिथे पोचल्यावर दर महिन्याला बारावा हिस्सा काढायचा. २०२३ साली ही रक्कम ११,२०८ युरो होती, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाली. पैसा आपला, खर्चही आपलाच. दादांना हे कुणी सांगितलंच नव्हतं! त्यांना वाटत होतं की दहा लाख भरले की गेले.

आणि फाइलच्या मधल्या पानावर खरी मेख होती. एजंटाने सुचवलेली 'युनिव्हर्सिटी' सरकारी नव्हतीच. खासगी होती, सगळं इंग्रजीत शिकवणारी आणि वर्षाला लाखांत फी घेणारी. 'जर्मनीत फुकट' म्हणून निघालेला मुलगा जर्मनीत पैसे भरून शिकणार होता. खासगी म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. पण ज्या कारणासाठी माणूस एवढ्या लांब निघाला, तेच कारण त्या कागदात उरलं नव्हतं. वर फॉर्म भरायचे दीड लाख वेगळे.

मित्रहो, ते फॉर्म मी पाहिले आहेत. आमच्या खात्यात एखाद्या विधवेला पेन्शनसाठी जे भरावं लागतं, त्याहून ते सोपे आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला ए.पी.एस. नावाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या पदव्या आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत की नाहीत ते दिल्लीत तपासून देतात, फी १८,००० रुपये. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज 'युनि-असिस्ट' या एकाच केंद्रातून जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. झालं. यात दीड लाखांचं काम कुठलं? ज्या पोराने चार वर्षं थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवली, त्याला स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि मार्क भरता येत नाहीत, असं त्याच्या बापाला पटवणं, हे काम! आणि पटतंही, कारण आपल्याकडे सरकारी कागद म्हणजे कुणाचा तरी हात धरूनच पार करायची नदी, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. तो समज तयार करण्यात माझ्यासारख्यांच्या टेबलांचा हातभार आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. वाटते, पण कबूल करतो.

सकाळी मी दादांना सांगितलं: बाग विकू नका. एजंट सोडा. पोराला एक वर्ष थांबू द्या आणि त्या वर्षात त्याला जर्मन शिकू द्या.

पहिल्या दोन गोष्टी त्यांना लगेच पटल्या. तिसरी पोरालाच पटेना. "मौसाजी, कोर्स इंग्लिशमध्ये आहे, जर्मनची गरज नाही. एक वर्ष वाया जाईल."

हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. तो अर्धा बरोबर आहे. मास्टर्सचे अनेक अभ्यासक्रम तिथे इंग्रजीत आहेत. प्रवेश इंग्रजीवर मिळतो. पण नोकरी? जर्मनीतले मोठे कारखाने सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्यांचा खरा कणा म्हणजे गावोगावचे मधल्या आकाराचे, बहुतेक एकेका घराण्याचे कारखाने. तिथला फोरमन, स्टोअरकीपर, गिऱ्हाईक सगळे जर्मन बोलतात. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला तिथलं सरकार १८ महिने देतं. ते महिने भाषा शिकण्यात गेले तर नोकरी कधी शोधणार? २०२३-२४ मध्ये जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकून आपण पहिल्या नंबरावर. म्हणजे इंग्रजीवर प्रवेश मिळालेला आपला भाचा काही एकटा नाही. त्या गर्दीत उठून दिसायचं तर काय हवं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

या निमित्ताने मी थोडं वाचलं. कला शाखेच्या माणसाला दुसरं काय येतं? त्यातली एक हकीकत मला फार आवडली. जर्मनीतल्या तांत्रिक शाळांना, 'टेक्निशे होखशूल' म्हणतात त्यांना, एकोणिसाव्या शतकात डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता. तो मान जुन्या विद्यापीठांचा. लोखंड घासणाऱ्यांना कसली डॉक्टरकी, असा तिथल्या तत्त्वज्ञान-वाङ्मयवाल्यांचा (म्हणजे माझ्या जातकुळीचा!) तोरा. अखेर १८९९ साली बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या तांत्रिक शाळेच्या शताब्दीच्या वेळी कैसरने प्रशियातल्या अशा शाळांना तो अधिकार दिला. पण एक फरक ठेवला. इतर डॉक्टरांच्या पदव्या लॅटिनमध्ये. इंजिनियरची पदवी मात्र जर्मन भाषेत आणि जर्मन वळणाच्या अक्षरांत लिहायची. वेगळेपण कळावं, गल्लत होऊ नये म्हणून. आज तीच 'डॉक्टर-इंजिनियर' पदवी तिथे अभिमानाने दारावर लावतात. ज्या भाषेत कारखान्यात बोलतात तीच भाषा पदवीवर आली, ती अशी.

त्याच शार्लोटेनबुर्गच्या शाळेत १९२० च्या दशकात आपला एक मराठी माणूस शिकला. पनवेलला जन्मलेले गंगाधर अधिकारी. मॅक्स फोल्मर या नामवंत शास्त्रज्ञासोबत घन पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू कसे सरकतात यावर त्यांनी केलेलं काम आजही त्या शास्त्रात सांगितलं जातं. १९२८ च्या अखेरीस परत आले आणि तीनच महिन्यांत, मार्च १९२९ मध्ये, मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. पुढचं आयुष्य कम्युनिस्ट चळवळीत गेलं. दुसरे विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. ते तांत्रिक शाळेत नव्हे, ग्योटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल या विमानविद्येच्या आचार्यांकडे शिकले, १९३६ साली डॉक्टर झाले, परत आले आणि बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान घडवलं. १९५१ साली ते उडालं. त्या काळी त्यांच्यासाठी 'इंग्लिश कोर्स' नव्हते. जर्मन शिकणं ही सवलत नव्हती, तोच दरवाजा होता.

एवढं सगळं मी भाच्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मौसाजी, ते सायंटिस्ट होते. मी सौंसरचा." यावर माझं डोकं फिरलं. कारण खरी अडचण भाषेची नव्हती, ही होती.

सौंसरचा म्हणजे काय? ज्या मुलाने पहिलीत शिरताना घरची भाषा दारात ठेवून दुसरी उचलली, बारावीनंतर दुसरी ठेवून तिसरी उचलली आणि दोन्ही वेळा पास झाला, त्याला चौथी जड का जावी? मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाने हा उंबरठा कधी ओलांडलेलाच नसतो. नवी भाषा कानावर पडत असताना न घाबरता बसून राहणं, चुकीचं बोलून हसू झेलणं, हे या मुलांना सहाव्या वर्षापासून येतं. ते भांडवल आहे. पण आपण त्यांना त्याचीच शरम शिकवली. वऱ्हाडी मराठी म्हणजे अडाणी, हिंदी म्हणजे सरकारी, इंग्रजी म्हणजे हुशार!

पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, हे तुम्ही वाचलं असेल. जाम नदीच्या मधोमध पळसाच्या झाडाला झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव आणि दोन्हीकडून दगड. माणसं रक्तबंबाळ होतात, काही वेळा जीवही गेले आहेत. आपण गोवेकर ते ऐकून नाकं मुरडतो. पण कोंकणी-मराठीच्या नावाने आपण इतकी वर्षं दुसरं काय केलं? दोन काठांवरून दगड, आणि मधल्या मधे झेंडा घेऊन पोरं इंग्रजी शाळेत गेली. दोन्ही काठ हरले. मी स्वतः मराठीच्या काठावरचा. दगड मीही मारले आहेत, म्हणून बोलतो.

आता कुणी विचारेल, मग काय मराठीतून इंजिनियरिंग? तसा प्रयत्नही झाला आहे. २०२१ मध्ये भारतीय भाषांतून इंजिनियरिंगला परवानगी मिळाली आणि पुण्याकडच्या एका कॉलेजाने मराठीतून संगणकाचा अभ्यासक्रम सुरू केला. मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये हिंदीतून डॉक्टरकीची पुस्तकं काढली. (सौंसरच्या मुलाची 'मातृभाषा' तिथेही हिंदीच धरली गेली, हा भाग वेगळा.) या प्रयत्नांना मी हसणार नाही. पण नुसतं पुस्तक बदलून भाषेला मान येत नाही. जर्मनीत आधी कारखान्यातला माणूस, त्याचं हत्यार आणि त्याचे शब्द यांना मान मिळाला, पुस्तकं त्याच्यासोबत वाढली. आपल्याकडे फिटरला इंजिनियर 'अरे' म्हणतो आणि फिटरचे शब्द त्याच्या वहीत कधी येत नाहीत. तेव्हा सध्या माझी मागणी छोटी आहे. सौंसर, पांढुर्ण्याच्या शाळांत मराठी हा विषय नीट शिकवला जावा आणि घरची भाषा येते म्हणून मुलाला कुणी कमी लेखू नये. एक भाषा मुळापासून लिहिता-वाचता येणाऱ्याला पुढची भाषा सोपी जाते. ज्याची पहिलीच भाषा अर्धवट, त्याच्या चारही अर्धवट राहण्याची भीती.

भाचा अखेर थांबला. माझ्या म्हणण्याने नाही, आईने डोळ्यांत पाणी आणलं म्हणून. पण थांबला. नोकरी सांभाळून रात्री ऑनलाइन जर्मन शिकला आणि जर्मनच्या बी-वन पातळीपर्यंत पोचला. अर्ज स्वतः भरले. दादांनी घर तारण ठेवून बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं, बाग राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो केम्नित्सला गेला. हे शहर जुन्या पूर्व जर्मनीतलं. १९९० पर्यंत त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. कापड गिरण्यांचं आणि यंत्रांचं शहर. तिथलं तांत्रिक विद्यापीठ १८३६ साली एक उद्योगशाळा म्हणून सुरू झालं होतं, विद्यापीठ व्हायला १९८६ उजाडलं. दीडशे वर्षं! कापसाच्या तालुक्यातून गेलेल्या पोराने कापडाच्या गावातली ही शाळा आठवणीत ठेवावी, असं मी त्याला कळवलं. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे. तिथे आज एखादी साधी उद्योगशाळा नीट चालवली, तर दीडशे वर्षांनी काय होईल कोण जाणे.

आता एक गोष्ट, जी त्याने वडिलांना सांगितल्यावरच मी लिहितो आहे. पहिल्या सेमिस्टरला एका विषयात तो नापास झाला. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे नापास; त्याला ५ मिळाले. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की तो अभ्यासक्रमच बंद. हे एजंट सांगत नाहीत. रात्री दीड वाजता त्याने मला फोन केला. मी अर्थातच काही मदत करू शकत नव्हतो. त्या रात्री मला झोप आली नाही. थांब म्हणणारा मी, जर्मन शिक म्हणणारा मी, घर तारण ठेवा म्हणणाराही मीच. सल्ला द्यायला कारकुनाचं काय जातं?

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. कसा, ते त्यानेच सांगितलं. वर्गातले जर्मन विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन एकत्र बसत. ती बैठक जर्मनमध्ये चाले आणि इंग्रजीवाले त्यात नसत. हा आपल्या मोडक्या जर्मनसकट जाऊन बसला. "पहिले सगळे हसले," म्हणाला, "मंग एकाने खुर्ची सरकवली." 'मंग' म्हणाला, 'मग' नाही. मला बरं वाटलं.

परदेशी नागरिकांच्या कचेरीतही त्याचं काम लवकर झालं म्हणे. तिथल्या बाईंशी तो जर्मनमध्ये बोलला. जर्मनीतही शेवटी टेबलापलीकडे माझ्यासारखंच कुणीतरी बसलेलं असतं. आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलणाऱ्या माणसाची फाइल वर येते, हा जगभरच्या कारकुनांचा अलिखित नियम आहे.

तर माझं मत एवढंच. जरूर जा. पण जमीन विकून जाऊ नका. संत्र्याचं झाड फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात हे ज्या बापाला कळतं, त्याला एक वर्ष थांबणं जड नाही. आपला अर्ज आपण भरा. फी नसेल, पण भाषा ही त्या शिक्षणाची किंमत आहे, ती इथेच भरून जा. आणि घरची भाषा सामानात असू द्या, तिचं वजन धरत नाहीत.

दादा परवा फोनवर सांगत होते, यंदा आंबिया बहार बरा आहे, गळ कमी आहे. कर्जाचे हप्ते अजून सुरू व्हायचेत. भाचा परत येईल की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. धाकटी मुलगी आता बारावीला आहे, तिची फाइल घेऊन पुढच्या दिवाळीला या, म्हणाले.